बेडूक गप्प झाले, त्यात माझा हात होता

परवा रात्री पाऊस थांबल्या थांबल्या मी टॉर्च घेऊन तळ्यावर गेलो. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच रात्री जायचं हे माझं ठरलेलं, कारण बेडकांकडे वेळ कमी असतो, ओरडायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, सगळं दोन-चार रात्रींत उरकायचं असतं त्यांना. सहा वर्षांपूर्वी अशा रात्री त्या काठावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं, इतका गलका असायचा. मग तो कमी कमी होत गेला आणि गेली तीन वर्षं काहीच नाही, नुसतं पानांवरून ठिबकणारं पाणी. परवा मी पाऊण तास उभा होतो आणि शेवटी पलीकडच्या काठावरून एक बेडूक ओरडला. एकच. थांबला, परत ओरडला. त्याला उत्तर कुणी दिलं नाही, पण मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं.

का, ते सांगायचं तर आधी एक कबूल करावं लागेल. त्या तळ्यातले बेडूक गप्प झाले त्यात माझा हात आहे. सहा वर्षांपूर्वी दोन कॅन भरून मासे मीच त्यात ओतले होते.

डास फार झाले होते त्या वर्षी. ओळखीत घरटी एक तरी माणूस तापाने पडलेला, आणि डासांसाठी मासे सोडायची एक मोहीम चालू होती, मीही उत्साहाने सामील झालो. हे मासे डासांच्या अळ्या खातात, औषध नको, धूर नको, एकदा सोडले की आपले आपण वाढतात, असं सांगितलं गेलं आणि यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं नव्हतं म्हणूनच तर कुणाला शंका आली नाही. टाक्यांमध्ये सोडून झाल्यावर कॅनमध्ये उरलेले मासे परत कुठे न्यायचे म्हणून मी ते तळ्यात सोडले, पाणी सावकाश मिसळून, माशांना धक्का बसू नये याची काळजी घेऊन. इतकी काळजी घेतली मी त्यांची.

आता माशाबद्दल. आपल्याकडे डास खाणाऱ्या सगळ्याच बारक्या माशांना सरसकट गप्पी म्हणतात, पण त्यात दोन वेगळे मासे येतात. खरा गप्पी म्हणजे ज्याच्या नराच्या अंगावर, शेपटीवर रंग असतात तो, दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादचा. दुसरा गँबुसिया. तो राखाडी, कळकट हिरवट, रंग नावाला नाही. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपायला बरोबर बसेल असं. मादी नराच्या जवळजवळ दुप्पट, फार तर सहा-सात सेंटीमीटर, आणि गाभण असली की पोटाच्या मागच्या बाजूला एक काळा डाग दिसतो, तो एकदा ओळखता आला की लांबूनही कळतं. माझ्या कॅनमध्ये हाच होता. गँबुसियाच्या दोन जाती जगभर पसरल्यात, अ‍ॅफिनिस आणि होलब्रुकी, दोन्ही मूळच्या अमेरिकेच्या दक्षिण आणि आग्नेय भागातल्या, आणि पूर्वी त्या एकच समजल्या जायच्या त्यामुळे जुन्या नोंदींमध्ये कुठे कोणती गेली याचा बराच गोंधळ आहे.

सोडल्यावर पहिल्या वर्षी मी खूष होतो. काठाला गेलं की मासेच मासे, सावली पडली की एकदम पांगायचे, परत जमायचे. दुसऱ्या वर्षी गलका कमी वाटला पण मी म्हटलं पाऊस उशिरा झाला असेल. तिसऱ्या वर्षी मात्र काठाच्या गवतात बेडकांच्या अंड्यांचे ते चिकट पुंजके बघितले, मोजून ठेवले, आणि दोन आठवड्यांनी तिथे एकही टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, नव्हता. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

मी घरून पांढरा ट्रे घेऊन गेलो, त्यात तळ्याचंच पाणी, थोडं गवत, बाजूच्या डबक्यातले आठ टॅडपोल आणि तळ्यातले तीन गँबुसिया सोडले आणि बसलो बघत. मला वाटलं होतं खातील म्हणजे गिळतील. तसं नाही होत. मासा येतो, शेपटीच्या टोकाचा एक तुकडा तोडतो आणि जातो. टॅडपोल दचकून पुढे सरकतो, सरकला की हलतो, हलला की दुसरा मासा येतो. बारके टॅडपोल गिळले गेले, दोन मिनिटांत, पण जे जरा मोठे होते, माशाच्या तोंडात न मावणारे, त्यांची शेपूट चावून चावून झिजवली. वीस मिनिटांनी एका टॅडपोलला शेपटीच्या जागी नुसता फाटका दोरा उरला होता आणि तो गोल गोल फिरत होता, सरळ पोहता येत नव्हतं त्याला. मी ट्रे उचलला, मासे वेगळे केले, पण तो काही रात्र काढू शकला नाही. तो फाटका दोरा मी विसरू शकत नाही आणि विसरायचाही नाहीये मला.

हे फक्त माझ्या ट्रेमध्ये होतं असं नाही. या माशाची ही सवय जगभर नोंदलेली आहे, दुसऱ्या माशांचे पर, शेपट्या कुरतडणं, मग जखमेला बुरशी लागून मासा मरणं. आकाराने एवढासा आणि स्वभाव असा. म्हणजे स्वभाव हा आपला शब्द, त्याला बिचाऱ्याला काय, तो जगतोय. पण ज्या पाण्यात असं कुणी कधी नव्हतंच, तिथल्या जिवांना यापासून पळायचं कसं हे माहितीच नसतं.

तळ्यात अजून एक बदल झाला होता आणि तो मला बेडकांइतका लवकर कळला नाही. पाणी हिरवं झालं होतं. आधी काठाला तळाचे दगड दिसायचे, आता हात बुडवला की मनगट दिसेना. मी बाहेरून काही वाहून येतंय का हे शोधत बसलो. मग वाचताना १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल कळलं, त्यात कृत्रिम डबकी तयार करून काहींमध्ये गँबुसिया सोडले होते आणि काहींमध्ये नाही. मासे असलेल्या डबक्यांत पाण्यातले बारीक प्राणी, म्हणजे ते डोळ्याला जेमतेम दिसणारे, टुणटुण उडणारे डॅफ्नियासारखे जीव, आणि किडे जवळजवळ संपले. आणि तेच जीव पाण्यातलं शेवाळ खात असतात. ते खाणारं कुणी उरलं नाही म्हणून शेवाळ माजलं आणि पाणी हिरवं झालं. मी वाचता वाचता थांबलो आणि नुसता आमच्या तळ्याचा विचार करत बसलो, कारण हे हुबेहूब तेच होतं. मी पाण्यात मासे सोडले असं मला वाटत होतं, खरं म्हणजे मी त्या पाण्याची सगळी घडीच विस्कटली होती.

आणि डास? डासांचं काय झालं हा प्रश्न सगळे विचारतात, विचारलाच पाहिजे, त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. डास होतेच. कारण ते त्या तळ्यातून येतच नव्हते मुळी. डेंग्यूचा डास, एडिस, त्याला तळं नको असतं, त्याला लागतो टायर, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा फुटका डबा, कूलर, झाकण नसलेलं पिंप. दोन चमचे पाणी पुरतं. तिथे कोण मासे सोडणार आणि सोडले तरी किती दिवस जगणार. आणि तळ्यात आधीपासून डासांच्या अळ्या खाणारे कितीतरी होते. चतुर आणि टाचण्या आपल्याला फक्त उडताना दिसतात, पण त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य पाण्याखाली जातं आणि चतुराची अळी म्हणजे पाण्यातला वाघच, तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, सावज जवळ आलं की तो एकदम पुढे फेकते आणि ओढून घेते. उताणे पोहणारे ते किडे, पाणभुंगे, हे सगळे डासांच्या अळ्यांवर जगतात. गँबुसियाने आधी यांनाच संपवलं. नुसत्या डासांच्या अळ्यांवर तो कधीच भागवत नाही, पोट उघडून तपासलं की त्यात मिळतात पाण्यातले बारीक प्राणी, पाण्यावर पडलेले किडे, मुंग्या, कोळी, शेवाळ, दुसऱ्या माशांची अंडी, पिल्लं, आणि डासांच्या अळ्या त्यात एक बाब असते, कित्येकदा अगदी किरकोळ. जे मिळेल ते खातो. प्रयोगशाळेत काचेच्या टाकीत नुसत्या अळ्याच ठेवल्या तर शेकडो खाईल, दुसरं काही नाहीच तिथे! त्या टाकीतल्या आकड्यावर अख्ख्या जगाने विश्वास ठेवला.

हे जगात पसरलं कसं तेही समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात कुणी दुष्ट माणूस नाही. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात शोधून काढले आणि डास मारला तर मलेरिया थांबेल हा विचार जगभर गेला. १९०५ मध्ये टेक्सासमधून दीडेकशे गँबुसिया हवाईला नेले, ते तिथे टिकले, वाढले. मग तिथून आणि अमेरिकेतून पुढे पुढे. १९२१ ला स्पेन, पाठोपाठ इटली, १९२५ ला ऑस्ट्रेलिया, १९२८ ला इटलीहून भारत, १९३० ला न्यूझीलंड. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात आज हा मासा आहे. आणि त्या काळच्या लोकांना नावं ठेवताना माझी जीभ अडते, कारण मलेरियाने गावंच्या गावं मरत होती. रशियात सोचीजवळ अ‍ॅडलरमध्ये या माशाचं स्मारक आहे, दलदलीतला मलेरिया घालवायला मदत केली म्हणून, आणि तिथे ते स्मारक उभारावंसं वाटलं यात मला काही चूक वाटत नाही. मलेरिया गेला त्यात दलदली बुजवणं, क्विनाइन, जाळ्या, डीडीटी असं बरंच काही होतं, मासा एकटा नव्हता, पण मासाही होता. चूक पुढे झाली. एकदा चांगलं म्हणून नाव झालं ना, मग कुणी परत तपासून बघत नाही, सोडत राहतात, जिथे गरज नाही तिथेही. जागतिक आरोग्य संघटनेनेच पुढे नव्या ठिकाणी गँबुसिया सोडण्याची शिफारस थांबवली आणि निसर्ग संवर्धनवाल्या आययूसीएनने जगातल्या सगळ्यात घातक १०० घुसखोर प्रजातींच्या यादीत त्याला घातलं, तरी सोडणं चालूच आहे.

आता ती गोष्ट सांगतो जी वाचून मला झोप लागली नव्हती. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मधोमध, कोरड्या रखरखीत प्रदेशात, एजबॅस्टन नावाच्या ठिकाणी जमिनीतून आपोआप वर येणारे झरे आहेत. झरे म्हणजे डोळ्यासमोर धबधबा आणू नका, बोटभर-दोन बोटं खोल पाणी, गवतात पसरलेलं, काही तर एका खोलीएवढेसुद्धा नाहीत. तिथे एक मासा राहतो, तीन सेंटीमीटरहून लहान, नराचे पर लालबुंद आणि डोळा निळा. रेड-फिन्ड ब्लू-आय. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो विज्ञानाला सापडला १९९० मध्ये, म्हणजे अगदी परवा, आणि सापडला तेव्हाच गँबुसिया त्या परिसरात पोचलेला होता. पाऊस जोरात झाला, पाणी पसरलं की गँबुसिया गवतातून वाट काढत पुढच्या झऱ्यात जायचा, आणि एकेका झऱ्यातून ब्लू-आय संपायचा. पूर यायचा, ओसरायचा, अजून एक झरा गेलेला असायचा. २००८ मध्ये बुश हेरिटेज या संस्थेने ती जमीनच विकत घेतली, झऱ्यांभोवती पाण्यातून मासा येऊ नये असे अडथळे उभे केले, काही झऱ्यांमधला गँबुसिया औषध घालून मारला, आणि उरलेल्या ब्लू-आयना उचलून मासे नसलेल्या झऱ्यांत नेऊन ठेवलं. आजही ते काम संपलेलं नाही. विचार करा, हजारो वर्षं वाळवंटात, बोटभर पाण्यात टिकलेला मासा, दुष्काळ पचवले त्याने, आणि डास मारायला म्हणून समुद्रापलीकडून आणलेल्या माशाने त्याला काही दशकांत शेवटच्या काही डबक्यांत आणून सोडलं.

तिकडेच बेडकांचंही झालं. ग्रीन अँड गोल्डन बेल फ्रॉग नावाचा हिरवा-सोनेरी, दिसायला फार देखणा बेडूक सिडनीच्या आसपास एके काळी इतका होता की कुणी त्याकडे बघायचंही नाही. मग नाहीसा व्हायला लागला. बेडकांना मारणारी काइट्रिड बुरशी हे एक मोठं कारण आहे, जागा गेल्या हे दुसरं, पण ज्या पाण्यात गँबुसिया त्या पाण्यात या बेडकाची पिल्लं तगत नाहीत हेही तितकंच दिसून आलं. न्यू साउथ वेल्स राज्याने १९९९ मध्ये गँबुसियाचं भक्षण हा वन्यजीवांना असलेला एक प्रमुख धोका म्हणून कायद्यात नोंदवला. आणि या बेडकाचा एक मोठा गट कुठे सापडला तर ऑलिम्पिकसाठी निवडलेल्या जागेतल्या जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्यात, तिथलं टेनिसचं स्टेडियम मग दुसरीकडे हलवलं. बेडकांसाठी स्टेडियम हलवलं! मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

स्पेनमध्ये फार्तेत नावाचा एक छोटा मासा आहे, त्याची गोड्या पाण्यातली घरं गेली आणि तो आता बराचसा खारट पाण्याच्या आश्रयाला आहे, जिथे गँबुसियाचा जोर कमी पडतो. आणि अमेरिकेत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात, अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला गिला टॉपमिनो नावाचा मासा एके काळी तिथला सगळ्यात जास्त दिसणाऱ्या माशांपैकी होता. देशाच्या एका बाजूचा गँबुसिया दुसऱ्या बाजूला नेऊन सोडला आणि धरणं, पाण्याचा उपसा या सगळ्याबरोबर त्यानेही टॉपमिनोला संकटात टाकलं. म्हणजे परदेशी-देशी असा हा प्रश्न नाहीये. कुठल्या पाण्यातला जीव कुठल्या पाण्यात, हा प्रश्न आहे.

एवढं सगळं कळल्यावर मला वाटलं, ठीक आहे, मी सोडले, मीच काढतो. दोन मित्रांना घेऊन जाळ्या लावल्या. एका रविवारी चारशेच्या वर मासे काढले, हात भरून आले, पुढच्या रविवारी परत तितकेच. महिनाभर केलं. मग कळलं की याला अर्थ नाही, कारण हा मासा अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लं देतो, तीन-चार आठवड्यांत एक वेत, एका वेतात चाळीस-पन्नास, मोठ्या मादीला शंभराच्याही वर, आणि ती पिल्लं उबदार पाण्यात दोन महिन्यांच्या आत स्वतः प्रजननाला तयार. वर मादी नराचे शुक्राणू महिनोन्‌महिने साठवून ठेवते, म्हणजे एकटी गाभण मादी राहिली तरी पुढे कित्येक वेतं नर नसतानाही होतात. अख्खं तळं एकटीपासून परत भरतं. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर बाकी मासे तडफडतात, हा वर येऊन पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातला ऑक्सिजन घेतो, ते वर वळलेलं तोंड त्यालाही कामाला येतं. थंड पाणी चालतं, चाळीस अंशाच्या आसपासचं गरम चालतं, मचूळ चालतं, घाण चालतं. ज्या ज्या गुणांसाठी त्याला निवडलं त्याच गुणांमुळे तो आता निघत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात संशोधकांनी २०२१ मध्ये एक वेगळाच प्रयोग केला होता. गँबुसियाला मूळ घरी खाणारा लार्जमाउथ बास नावाचा मासा असतो, त्याच्यासारखा दिसणारा आणि हलणारा रोबो तयार करून तो टाकीत फिरवला. रोबो टॅडपोल आणि गँबुसिया वेगळे ओळखायचा आणि गँबुसिया टॅडपोलजवळ गेला की त्याच्या अंगावर जायचा. गँबुसिया इतके धास्तावले की त्यांचं वजन घटलं, प्रजननक्षमता घटली, आणि टॅडपोल आधीपेक्षा मोकळे वावरायला लागले. टाकीतला प्रयोग आहे, तळ्यात उद्या नेता येणार नाही, पण मला त्यातली दिशा आवडली. भीती ही पण एक गोष्ट आहे जी या माशाने मूळ घरी मागे सोडली आणि नव्या ठिकाणी बिनघोर झाला.

आमच्याकडे रोबो नव्हता, पंप होता. यंदाच्या उन्हाळ्यात तळं आटून मधे गुडघाभर डबकं उरलं, ते आम्ही परवानगी घेऊन उपसलं. आधी जाळीने चाळून बाकीचं काय जिवंत आहे ते बादल्यांत काढलं, गोगलगाई, दोन पाणविंचू, आणि सतरा चतुराच्या अळ्या, एवढंच. मासे फक्त गँबुसिया. पाणी गेल्यावर चिखलात ते चमचम करत उड्या मारत होते आणि मला आनंद वगैरे काही झाला नाही. त्यांना इथे मीच आणलं होतं. सगळे गोळा केले, चिखल तीन आठवडे उन्हात पडून राहिला, भेगा पडल्या. कोरडं पडणं बेडकांना चालतं, ते जमिनीत दबा धरून पावसाची वाट बघतात, चतुर दुसऱ्या पाण्यावरून उडत येतात, माशाला मात्र कोरड्यात सुटका नाही. म्हणूनच खरं तर दर वर्षी आटणारी डबकी ही बेडकांची सगळ्यात सुरक्षित बाळंतिणीची खोली असते, आणि तीच डबकी आपल्याला निरुपयोगी वाटतात, डासांची वाटतात, आणि आपण तिथे मासे नेऊन ओततो.

मागच्या आठवड्यात एक काका भेटले तिथे, हातात पिशवी, पिशवीत मासे. मी धावतच गेलो. "काका, थांबा जरा, इथे नका सोडू." ते म्हणाले, "अरे डास किती झालेत बघतोस ना, नातवंडं आहेत घरात." मी त्यांना तळ्यात आधीच्या हलक्या सरींनी साठलेल्या पाण्यात नेट फिरवून दाखवली, त्यात दोन उताणे पोहणारे किडे आले आणि डासाची अळी एकही नाही. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो, मागच्या बाजूला उघडं पिंप होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या, आणि जिन्याखाली जुना टायर, त्यातही. पिंप उलटं केलं, टायर हलवला. आठवड्यातून एकदा साठलेलं पाणी ओतून टाकलं तरी पुष्कळ होतं, कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. जिथे पाणी ओतताच येत नाही तिथे जाळी आहे, बीटीआय नावाचं जिवाणूचं औषध आहे जे मुख्यतः डासांच्या अळ्यांवर काम करतं, आणि व्हिएतनाममध्ये तर गावागावातल्या पाण्याच्या मोठ्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स हा तिथलाच, टाचणीच्या डोक्याएवढा जीव सोडून कित्येक गावांतून डेंग्यूचा डास घालवला, कुठल्याही परक्या माशाशिवाय. काकांच्या पिशवीतले मासे आम्ही त्यांच्याच सिमेंटच्या बंद टाकीत सोडले, जिचं पाणी नाल्यात किंवा ओढ्यात कुठेही जात नाही. तिथे राहू देत.

आणि त्या परवाच्या एका बेडकानंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं घेऊन गेलो, खात्री करायला. पहिले तीस-पस्तीस फेरे रिकामे. मला वाटायला लागलं की जमलं आपल्याला. मग पूर्वेच्या काठाला, जिथे जमिनीतून थोडं पाझरतं आणि उन्हाळ्यातही गवताखाली तळहाताएवढा ओलावा राहिला असणार, तिथे जाळ्यात काहीतरी चमकलं. दोन मासे. एक नर आणि एक मादी, मादीच्या पोटामागे तो काळा डाग.

तिला मी मारलं नाही, घरी काचेच्या बरणीत ठेवली, पाणवनस्पती घालून, कारण या माद्या स्वतःचीच पिल्लं खातात आणि मला मोजायचं होतं. आज सकाळी बघितलं तर वनस्पतीच्या पानांत सुईच्या टोकाएवढे डोळे, नुसते डोळे, बाकी अंग आरपार दिसणारं. मादीला बाजूला काढलं आणि चमच्याने एकेक उचलत मोजली. एकतीस. एकतीस पिल्लं, मी तो फेरा आळसाने सोडला असता तर ती आत्ता तळ्यात असती, त्या एकट्या बेडकाने जोडीदार शोधून अंडी घातली असती तेवढ्यात.

उद्या पहाटे परत जातोय. उत्तरेच्या काठाचं गवत अजून बघितलेलं नाही, तिथेही पाझर आहे.